आवाज कमी करा

मी, श्रीमती इंदुमती झुंबरराव थेटे, वय ६७, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार इंदिरानगर, नाशिक, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. दडपण आणण्यापुरतीही माझी मुले आता एकत्र बसत नाहीत.

१. टीव्ही भंगारात द्यावा. यंदाच्या लोकसभा निवडणुकीला त्याने महिनोन्‌महिने 'देशाचा कौल' म्हटले. देवाला कौल लावतानाही माणूस आधी प्रश्न नीट विचारतो. इथे प्रश्न कुणी विचारलाच नाही. कुणाची जात कोणती, कोण कुणाला काय म्हणाले, एवढेच. पाण्यावर, पेठ तालुक्यातल्या शाळांवर अवाक्षर नाही. वर्तमानपत्रातही तेच; त्याच्या संपादकांना मी तसे कळवले. पत्र छापले नाही. घरातली रद्दी त्यांच्या कचेरीत पोचवावी.

२. बांगड्या सूनबाई पूजाला. या घरात ती कमी बोलते आणि जास्त ऐकते.

३. निकालाच्या दिवशी हॉलमध्ये माझा मुलगा संतोष आणि मुलगी शुभांगी टीव्हीसमोर भांडत होते.

"तुम्ही लोकांनी देश विकायला काढलाय, शुभे!"

"आणि तुम्ही घेतलात, दादा. हप्त्यावर!"

याला ते चर्चा म्हणत. कोपऱ्यातल्या खुर्चीतून हे म्हणाले, "अरे, आवाज कमी करा."

संतोष म्हणाला, "बघ, बाबापण तुला वैतागले."

"मला नाही, तुला!"

मग बाबा कुणाच्या बाजूचे, यावर वाद पेटला. तव्यावरची पोळी तशीच सोडून मी बाहेर आले, तेव्हा ह्यांची मान कलली होती. तेराव्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. आजही प्रत्येकाला वाटते, बाबा दुसऱ्याला बोलले. मुलांनो, त्यांचा हात छातीवर होता. ते कुणाच्याच बाजूने बोलत नव्हते.

४. मी मिशनच्या शाळेत शिकले. वादसभेत सिस्टरांचा नियम होता: उत्तर देण्याआधी समोरचीचे म्हणणे तिच्यादेखत मांडायचे, आणि "हो, हेच माझे म्हणणे" असे तिने कबूल केल्याशिवाय पुढे जायचे नाही. माझी भाची अ‍ॅड. दिशा हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिच्यासमोर संतोष आणि शुभांगीने हा नियम एकदा पाळून दाखवावा. जमले, तर घर दोघांचे, सामाईक.

५. न जमल्यास हॉलच्या मधोमध भिंत घालावी. खर्च माझ्या ठेवीतून. दाराकडची बाजू शुभांगीची, स्वयंपाकघराकडची संतोषची. बाहेर पडायला त्याने तिला विचारावे, चहाला तिने त्याला. भिंत मात्र एकेरी विटेची असावी. पलीकडून कुणी "आवाज कमी करा" म्हणाले, तर या खेपेला ऐकू गेले पाहिजे.

सही: इंदुमती झुंबरराव थेटे
नाशिक, १२ डिसेंबर २००४

वरील सही बाईंनी आम्हां दोघांसमक्ष केली. टीव्ही बंद होता.

साक्षीदार:
१. डॉ. गोटीराम पिंगळे, शेजारी (सही)
२. कुसाबाई काळू मोरे, भाजीविक्रेत्या, पंचवटी (डाव्या हाताचा अंगठा)