मधून सुरू केलेली गोधडी

आई, तू जोडून ठेवलेला गोधडीचा वरचा थर मी शेवटी मशीनवर घेतला. तुझी नात पहिल्या बाळंतपणाला अकोल्याहून माझ्याकडे अमरावतीला येणार होती. बाळाला तुझ्याच हातची गोधडी हवी, असं तिने लिहिलं होतं. तू तुझ्या लुगड्यांचे तुकडे जोडलेस, पण गोधडी शिवायच्या आधीच गेलीस. हाताने शिवायला शाळेतून सवड नव्हती. लढाई संपली तरी कापड रेशनच्या कार्डावरच मिळतं, आणि मिळालं तरी ते तुझं लुगडं थोडंच असणार? हा थर बिघडला तर दुसरा नव्हता.

बडनेऱ्याच्या अंगणात तू गोधडी अंथरायचीस. चार कडांना चार बाया. मी मध्येच टाका घालायला जाते आणि तू माझा हात धरतेस. "मधात काहून घुसून राहिली वं? कोपऱ्यापासून धर, अन् फिरत फिरत मधात ये."

मशीनवरही मी तेच केलं. पण सुईखालचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागे रेंगाळतं. हाताने शिवताना तू तळव्याने सारून घ्यायचीस ती ढिलाई इथे प्रत्येक फेरीला आत सरकत गेली आणि मधोमध भाकरीसारखा फुगवटा आला. शेजारच्या काकू पाहून हसत सुटल्या. "मास्तरीणबाई, पोरीच्या मांगून गोधडीलेबी दिवस गेले का?" मीही हसले. त्या गेल्यावर मात्र रडू आलं.

सगळं उसवलं. उसवताना तुझा एक जोड फाटला, तो मी हाताने पुन्हा शिवला. मग मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर धरून ठेवले, एक बाजू गुंडाळून मशीनखाली सारली आणि मधून बाहेर शिवत आले. गोधडी सपाट बसली. तुझी रीत उलटी केल्यावर ती तुझी किती उरली, हे मला अजून ठरवता येत नाही.

काल लेक आली. गोधडी मांडीवर घेऊन तिने एका जोडावरून बोट फिरवलं. "आजीचा टाका केवढा बारीक हाय वं, आई!"

तो माझा जोड होता. मी "हो" म्हणाले. तिचं मन मोडू नये म्हणून, असं आत्ताच इथे लिहिलं होतं, ते खोडलं. माझा टाका तुझा म्हणून खपला, याचा मला आनंद झाला होता.