पायऱ्यांच्या विहिरीचा धडा

अमडापूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

सिंधूमामींना भागवतचा नमस्कार आणि जयभीम.

जयभीम मी तुम्हाला आजवर कधी म्हटलेला नाही. गावात येता-जाता 'राम राम मामी' म्हणायचं आणि पुढे निघायचं, एवढीच सवय.

तुमचा गुडघा आता कसा आहे? रवीचा हरभरा घाट्यावर आला असेल. इकडे अमडापुरात आम्ही बरे आहोत. घरून जयमालाने तुमच्यासाठी तिळाच्या लाडवांचा डबा भरून दिला होता. संक्रांत होऊन पाच दिवस झाले, तो अजून माझ्या पिशवीतच आहे. दोनदा तुमच्या गल्लीपर्यंत आलो आणि लिंबापासून परत फिरलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर शेंगा फोडत होता. 'बसा गुरुजी,' म्हणालात. एरवी मला 'भाचे' म्हणता. मी म्हणालो, 'नाही मामी, घाईत आहे.' घाई कसलीच नव्हती.

म्हणून लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नाही. पत्र रुपालीच वाचून दाखवील. ते धरूनच लिहितो.

रवी बुधवारी शाळेत आला होता. उभ्या-उभ्याच म्हणाला, 'गुरुजी, आमच्या रुपालीचा दाखला द्या. अमडापूरले टाकतो तिले.'

'काऊन रे?' मी विचारलं.

'तिले इचारलं तं सांगत नाही. आता तुमीच सांगा.'

मी त्याला चार दिवस थांब म्हणालो. कारण सांगितलं नाही. ते आधी तुम्हाला सांगायला हवं.

दिवाळीनंतर आमचं प्रशिक्षण झालं. तिथे एक गोष्ट सांगितली ती मला मनापासून पटली. सगळी मुलं एकाच वाटेने शिकत नाहीत. कोणी बोलून शिकतं, कोणी चित्र काढून, कोणी नाटक करून, तर कोणी हातांनी वस्तू घडवून. इतिहास नुसता वाचून घेतला की तो पोरांना सनावळ्यांचं ओझं वाटतो. मी स्वतः याच शाळेत, मामांकडे राहून शिकलो; पाठ म्हणून दाखवला की सुटका, एवढाच माझा इतिहास होता. वाटलं, आपल्या पोरांचं तसं होऊ नये.

मग मी चौथीसाठी आपल्या गावाचाच धडा घेतला, पायऱ्यांच्या विहिरीचा. पंधरा दिवस एकेका मुलाला न्याहाळून वहीत नोंदी केल्या आणि एकवीस मुलांचे चार गट पाडले. सांगणारे, रेखाटणारे, नाटकवाले आणि घडवणारे. प्रत्येकाला पुठ्ठ्याचा बिल्ला. वर्गात काय जीव आला होता मामी! चौथीतला तो प्रेम कधी तोंड उघडत नाही, पण गावाचा नकाशा त्याने असा काढला की त्यात तुमच्या दारातली शेळीसुद्धा होती. तेव्हा सकाळी देवघरातल्या महाराजांच्या तसबिरीपुढे दिवा लावताना मी मागणं काही मागत नसे, नुसते आभार मानत असे.

रुपालीला मी घडवणाऱ्यांत घातलं. वहीत लिहिलं होतं, 'वाचताना अडखळते. बोलण्यात कमी. हात चांगले.' ऋत्विक, आमच्या नारायणमामांचा नातू, धडाधड वाचतो. त्याला सांगणाऱ्यांत घातलं.

आठ दिवसांनी रुपाली टेबलाजवळ येऊन उभी राहिली. 'गुरुजी, मले सांगाचं हाये. आजीनं सांगतलं ते मले समदं पाठ हाये.'

मी म्हणालो, 'अगं, तुझ्यासारखा मातीचा गारा कोणाला कालवता येतो का? तुझ्याशिवाय विहीर कशी होईल?'

तिला ते कौतुक वाटावं, असं मला वाटलं. ती बिल्ल्याकडे बघत होती.

दहा तारखेला पालकांसमोर कार्यक्रम झाला. मातीची विहीर मधोमध ठेवली होती, तीस पायऱ्यांची. पुढच्या खुर्चीवर नारायणमामा. ऋत्विक छान बोलला. विहिरीवर पाटी आहे तेच बोलला, की ही विहीर उकंडराव पाटलांनी, म्हणजे त्याच्याच पूर्वजांनी, बांधली. टाळ्या झाल्या.

तेवढ्यात मागून रुपालीचा आवाज आला. 'उकंडरावानं पैसा देल्ला. खंदली आमच्या पंज्यानं. दगड आमच्याच मानसायनं फोडला. अन् पानी लागलं तं त्याहिलेच पायरी बंद केली. माही आजी वर उभी राहे, अन् एक पोरगं...'

ती अडखळत नव्हती, मामी. पुस्तकातलं एक वाक्य तिला सरळ वाचता येत नव्हतं आणि इथे शंभर माणसांपुढे ती एका दमात बोलत होती. पुस्तकाची भाषा तिच्या घरची नाही, एवढंच होतं. पंधरा दिवस न्याहाळून मला ते दिसलं नव्हतं.

मी काय केलं ते तिने तुम्हाला सांगितलं नसावं. मी म्हणालो, 'रुपाली, तुझं काम झालं ना? जा, हात धुऊन ये.'

लोक हसले. ती हात धुवायला गेली आणि तिकडूनच घरी गेली. आज नऊ दिवस झाले.

त्या संध्याकाळी बिल्ले डब्यात भरताना मागची नावं वाचली. घडवणारे सहा. सहाही तुमच्या गल्लीतले. सांगणाऱ्यांत तुमच्या गल्लीतलं एकही नाही. मी कोणाचं आडनाव पाहून गट पाडले नव्हते, हे शपथेवर सांगेन. पाहायची गरजच पडली नाही. मुलांमध्ये मला तेच दिसलं जे लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि त्याला मी त्यांचा गुण म्हटलं.

पहाटे इथवर लिहून पत्र संपवणार होतो. घडीही घातली होती. एवढं कबूल केलं म्हणजे पुरे, असं मनाला सांगून पाहिलं. पण सकाळी दिवा लावायला गेलो आणि काडी हातातच विझली. म्हणून पुढचं लिहितो.

रुपालीला मी घाईत गप्प केलं नाही. मामांच्या भीतीनेही नाही. 'एक पोरगं' याच्या पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा, असा अभ्यास दिला होता; कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी तिची वही वाचली. तिने लिहिलं होतं, 'आजी मने एक पोरगं होतं. ते मामाच्या घरी शिकाले आलं होतं. ते खालून पानी आने अन् वरून वते. मुद्दाम घागरीच्या बाहीर वते. आजी वली होये. ते पोरगं हासे.'

खाली मी लाल शाईने 'छान' लिहिलं आणि वही मिटली.

तुम्ही तिला त्या पोराचं नाव सांगितलं नाही. तिचा गुरुजी आहे म्हणून सांगितलं नसेल. रोज सकाळी केस विंचरून तिला माझ्याकडे पाठवत राहिलात.

रुपाली, पुढची ओळ मोठ्याने वाच. ते पोरगं मी होतो.

मामी, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दिवसही थंडीचेच होते. तुमचं हिरवं लुगडं खांद्यापासून भिजलं होतं आणि तुम्ही म्हणाला होता, 'भाचे, हळू वता.' मी हसलो होतो, कारण मोठी मुलं हसत होती. ज्यांना मामी म्हणायचं त्यांच्या घागरीला आपलं भांडं लागू द्यायचं नाही, यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. मोठेपणी वाटलं. तेव्हा येऊन बोललो नाही. चाळीस वर्षं 'राम राम मामी' म्हणत पुढे गेलो.

क्षमा मागावी की नाही, कळत नाही. मागितली तर ती देण्याचं कामही तुमच्याच अंगावर टाकल्यासारखं होईल.

रुपालीचा दाखला या पाकिटात आहे, सही-शिक्का करून. तो माझ्यामुळे अडणार नाही. अमडापूरला पाठवायचं ठरलं तर तिथल्या गुरुजींना मी स्वतः सांगेन, की ही मुलगी सांगणारी आहे.

बिल्ले चुलीत घातले. गट आता दर आठवड्याला बदलतील. प्रत्येक जण सगळं करून बघेल. गारा कालवायची पाळी आता ऋत्विकची आहे. उद्या, सोमवारी, अकरा वाजता चौथीचा वर्ग विहिरीवर नेतो आहे. नारायणमामांना आज सकाळी जाऊन सांगितलं. म्हणाले, 'कायले जुनं उकरतं बे? शाळा शिकव ना.' मी म्हणालो, 'तेच करतो आहे.' ते येतील असं वाटत नाही.

वरची पायरी रुपालीसाठी मोकळी ठेवतो. तुमचा गुडघा साथ देत असेल तर तिच्या शेजारची तुमच्यासाठी. मी खाली, मुलांत बसेन. ती आली नाही, तर तिच्या वहीतलं मी वाचून दाखवीन, 'ते पोरगं हासे' इथपर्यंत, आणि नाव सांगेन. पण ते तिने सांगावं. गोष्ट तिच्या घरची आहे.

रुपाली, वाचताना कुठे थांबली असशील तर ते माझं अक्षर. तुझी चूक नाही.

लाडवांचा डबा पाकिटासोबत दारात ठेवून जातो आहे. तुम्ही बसायला सांगितलं होतं. मीच बसलो नाही.

नारायणरावांचा भाचा,
आणि तुम्ही पुन्हा म्हणाल तर तुमचाही,
भागवत