रायफलचा सैल पट्टा

नरपड, १२ नोव्हेंबर २०१७, रविवार

आज डहाणूला राऊत मास्तरांकडे गेलो होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते बोटाएवढे सैनिक बनवतात आणि चुका काढायला मला बोलावतात, कारण मी फौजेत होतो. आजच्या जवानाच्या खांद्यावर आमची जुनी सेल्फ लोडिंग रायफल होती. हुबेहूब. पण पट्टा ताठ होता.

"मास्तर, बर्फात जाड हातमोजे असतात. आम्ही पट्टा सैल ठेवायचो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि महादू. गंजाडचा. तो तिथेच गेला, पहाऱ्यावर."

हे नाव इतक्या वर्षांत मी हिच्याजवळही काढलं नव्हतं. का? आता ती जाऊनही दोन वर्षं झाली. पट्ट्यावरून तोंडून निघावं ते?

मास्तरांनी चिमट्याने पट्टा सैल केला. मग हळूच म्हणाले, "याच्या शेजारी दुसरा उभा करू?"

"करा. थोडा बुटका करा."

येताना रिक्षात महादूच्या कितीतरी गोष्टी आठवत राहिल्या. घरी आलो, कुलूप काढलं. ऐकायला कोणी नव्हतं. तरी ओट्याशी चहा उकळेपर्यंत मी त्या मोठ्याने सांगत राहिलो.