सौम्य मुळ्याच्या बियाण्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, काम वजनकाट्यांची तपासणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना करत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मी यंत्रं तपासते. अजिबात त्रुटी नसल्याचा दाखला मी आजवर एकाही यंत्राला दिलेला नाही.

१. राहतं घर थोरल्या भावाला द्यावं. अंगणात फरशी घालून तिथे गाडी लावायचा त्याचा बेत आहे. आई गेली त्याच आठवड्यात तो टेप घेऊन अंगण मोजत होता. "नुसतं बघतोय गं," म्हणाला. मी अट घालत नाही. जिवंतपणी माझं न ऐकणारा दादा मी गेल्यावर ऐकेल, असं मानायला आधार नाही.

२. बँकेतली शिल्लक वहिनीला, दादाला नव्हे. ती फोनवर "जेवलीस का?" विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

३. प्रमाण वजनांची पेटी कार्यशाळेतल्या सहकाऱ्याला. वजनं चिमट्यानेच उचलावीत, बोटांचा घाम लागला की त्यांचं माप बदलतं. तो बोटांनी उचलतो आणि माझं लक्ष नाही असं त्याला वाटतं.

४. फडताळातल्या काचेच्या बरणीतलं मुळ्याचं बी. हे बाजारात मिळत नाही. आईला मुळा आवडे, पण त्याचा तिखटपणा सोसत नसे. म्हणून आम्ही दोघींनी एक पद्धत बसवली. तयार मुळा उपटायचा, शेपटाकडचा तुकडा कापून चावून पाहायचा. तिखट निघाला तर शिजवायचा. सौम्य निघाला तर मोह आवरून परत मातीत लावायचा, फुलू द्यायचा आणि बी त्याचंच धरायचं. म्हणजे जे चांगले निघाले ते आम्ही कित्येक वर्षं खाल्लेच नाहीत. शेवटी एका हंगामात अंगणातला अख्खा वाफा सौम्य निघाला. आईने पायरीवर बसून, मीठ लावून, पाठोपाठ दोन मुळे खाल्ले. "आता कुठे मुळा खाल्ल्यासारखं वाटलं," म्हणाली.

मुळ्याचं एकटं झाड बी धरत नाही. जवळ दुसरी फुललेली लागतात. त्यामुळे मी अजूनही एका माणसाला पुरतील त्याहून जास्त मुळे लावते. खाऊन न संपलेले जमिनीतच जून होतात.

कुंपणापलीकडचे निवृत्त वायरमन काका तिखट मुळे लावतात आणि फुलूही देतात. मधमाश्या कुंपण मानत नाहीत, तिकडचा पराग इकडच्या फुलांवर आणतात. एका वर्षी माझं सगळं बी बिघडलं. सांगायला गेले तर म्हणाले, "अगं, नाकातून पाणी काढत नाही तो कसला मुळा? तुझा मुळा म्हणजे पाण्याला फुटलेली पानं." तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं आहे. तरी हे बी त्यांनाच द्यावं, कारण या गल्लीत मातीत हात घालणारं दुसरं कोणी नाही.

कलम चारबाबत दुरुस्ती, आज संध्याकाळी केलेली:

साक्षीदार म्हणून मी काकांनाच बोलावलं. ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, हा नियम मला माहीत होता. बोलावताना तो डोक्यात आला नाही, कारण बोलावण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. ते पेन उघडून बसले तेव्हा सांगावं लागलं.

"काका, तुम्हाला सही करता येणार नाही. तुमच्या नावे काही ठेवलंय."

"माझ्या? काय गं?"

"मुळ्याचं बी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ते पाणचट मुळे? मला नकोत. खोडून टाक ते, म्हणजे मला सही करता येईल."

"मग लावणार कोण?"

"ते मला काय विचारतेस? मी यंदा माझे फुलायच्या आत उपटतो, एवढं सांगतो. पुढचं तुझं तू बघ."

आणखी एक साक्षीदार लागतो, तर कोपऱ्यावरच्या औषधविक्रेतीला त्यांनीच जाऊन आणलं.

सबब कलम चार रद्द. खाडाखोड माझ्या हातची आहे, शेजारी सही केली आहे. बियाण्याला आता वारस नाही. घरी परत आल्यावर ते मीच पेरायचं आहे.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ ऑक्टोबर

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: शेजारचे निवृत्त वायरमन
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या दुकानातली औषधविक्रेती