गिऱ्हाईक आलं की पुस्तक मिटायचं

४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

शिलाई बाजूला सारून लिहितेय. मागच्या शाळेत आमच्या ठमीची वाचाच बसली होती, म्हणून वर्षापूर्वी तिला काढून मी दुकानातच शिकवू लागले, हे तू जाणतेसच. आता कापडं कापायच्या टेबलाशी बसून ती धडाधड वाचते, मापाच्या टेपवर बेरजा करते. गिऱ्हाईक आलं की पुस्तक मिटायचं आणि काय हवं ते विचारायचं, हा आमचा नियम. तिचे बाबा म्हणतात, आता नव्या शाळेत घालू. मला नुसत्या विचारानेच धडकी भरते. पुन्हा गप्प झाली तर? तू मास्तरीण, शाळेचीच बाजू घेणार हे ठाऊक असूनही विचारतेय.

उत्तराची वाट पाहणारी,
धाकटी

९ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मला परस्पर दुसऱ्या बाजूला ढकलून मोकळी झालीस! अगं, घरी ठेवलंस ते उत्तमच केलंस. पण पोर खेळते कोणाशी? तुझ्या एवढ्या पत्रात एकाही मैत्रिणीचा पत्ता नाही. एक दिवस पाठवून तर बघ. नाही रमली, तर खुशाल घरी आण. कोणी नावं ठेवली तर माझ्याशी गाठ आहे. आणि फाटकापाशी ठाण मांडू नकोस, तुझे गुण मला माहीत आहेत.

खुशाली कळव, जीव तुमच्यापाशीच आहे.
ताई

१८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

फाटकापाशीच बसले होते, रागावू नकोस. काल ठमीचा नव्या शाळेतला पहिला दिवस होता; शाळा सुटली आणि वर्गाच्या बाई स्वतः बाहेर आल्या. मी लगबगीने पुढे झाले. तर म्हणे, मुख्याध्यापिका वर्गात आल्या, सगळी मुलं उठून उभी राहिली, आणि ठमीने पुस्तक मिटून त्यांना खणखणीत आवाजात विचारलं, माप द्यायचंय की शिवलेले कपडे न्यायचेत! सगळा वर्ग खो खो हसला. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई म्हणाल्या, ठमीही हसली, आणि मग शेजारच्या मुलीशी जी बोलत सुटली, ती थांबेचना. ताई, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तिथेच रडले.

आज सकाळी मी सवयीने टेबलाशी तिची जागा करत होते, तर ही दप्तर पाठीला लावून दारात तयार. जाताना मागे वळून मला विचारते कशी, तू एकटी राहशील ना?

राहीन म्हणाले. तुझे आशीर्वाद असू देत, तिलाही आणि मलाही.
धाकटी