पाठीमागे हसणारी बाई

जळगाव,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सितारा,

सप्रेम सलाम. तू, अय्युबभाई आणि मिसबाह धुळ्यात सुखरूप असाल, तुझ्या भावाकडे बस्तान नीट बसलं असेल. इकडे आमचं ठीक आहे. ह्यांचा गुडघा दुखतो तसाच दुखतो, दुकान आता नातू अर्हमच बघतो. तुमच्या घराला कुलूप आहे. मोगऱ्याला मी भिंतीवरून पाणी घालते.

तुझा फोन लागत नाही म्हणून पत्र. इतक्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, भिंतीवरून हाक मारली की झालं. शाळेत बाई तुझं अक्षर दाखवून मला बोलायच्या. माझं आता आणखी बिघडलंय, सांभाळून घे.

बाजारात असोद्याची वांगी आली. आमच्या घरात वांगं चालत नाही, आणि तुझ्या ओट्यावर बसून कळण्याच्या भाकरीशी मी किती भरीत हाणलं हे ह्यांना अजून माहीत नाही. यंदा ती चोरी बंद.

झालं ते फार वाईट झालं. पोरांनी उगाच वाढवलं. अर्हमच्या मंडळातली मुलं तापली होती, त्यांना कोण समजावणार? फिर्यादीत माझं नाव आलं ते असंच, कोणातरी वडीलधाऱ्या बाईचं हवं होतं म्हणून. मी तर तो व्हिडिओ नीट पाहिलासुद्धा नाही. पण स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. मिसबाहनेही मुहपत्तीला हात लावायला नको होता. आम्ही ती तोंडाला बांधतो ती बोलताना जीवजंतू मरू नयेत म्हणून, ती काही खेळायची वस्तू नाही. तिला समजावून सांग, पोर हुशार आहे. चार दिवसांत सगळं थंड होईल.

अय्युबभाईंना नमस्कार, मिसबाहला आशीर्वाद.

तुझीच,
लाडू


जळगाव,
६ नोव्हेंबर २०२५

सितारा,

तुझं उत्तर आलं नाही. ते येणार नव्हतंच. मागच्या पत्रात गुडघा, मोगरा आणि वांगी एवढंच खरं होतं. बाकीचं मी कुठल्या तोंडाने लिहिलं, मला कळत नाही. पत्र पेटीत टाकलं तेव्हाच परत काढावंसं वाटलं होतं, पण पेटीत हात जात नाही.

त्या दुपारी काय झालं ते मिसबाहने तुला सांगितलं नसेल. मी तिला ओळखते. म्हणून मी सांगते.

संवत्सरीचा दुसरा दिवस. उपास सोडून माझं पारणं झालं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. मिसबाह पेढे घेऊन आली, नर्सच्या सरकारी यादीत तिचं नाव लागलं होतं. मी म्हटलं, पेढे राहू दे, आधी माझी नक्कल करून दाखव. ती परकरात होती तेव्हापासून माझी नक्कल करते, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, आज स्थानकातली कर, संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागतानाची. दोरीवर माझी धुतलेली मुहपत्ती वाळत होती. ती मी काढली आणि माझ्या हातांनी तिच्या तोंडाला बांधली. ती नको म्हणत होती. "मावशी, हे नको ना, कोणाला आवडणार नाही," असंच म्हणाली. मी म्हटलं, इथे बघतंय कोण? आणि माझाच फोन तिच्यासमोर धरला.

काय केलं गं तिने! डोळे मिटून, हात जोडून, एकेकीसमोर वाकत चालली. "मिच्छामि दुक्कडम् सासूबाई, मनानं, वाचेनं, कायेनं चुकले असेन तर क्षमा करा. मिच्छामि दुक्कडम् काकूजी, खमावते. मिच्छामि दुक्कडम् जाऊबाई... नाही नाही, हिला नको, हिने माझं पुरणयंत्र नेलंय, हिचं पुढच्या संवत्सरीला बघू." आणि लगेच पुन्हा डोळे मिटून शांत, चेहऱ्यावर साऱ्या जगाबद्दल दया. सितारा, ती मीच होते. जाऊबाईंशी मी किती वर्षं बोललेली नाही आणि दर संवत्सरीला अख्ख्या गावाची क्षमा मागते. मला इतकं हसू आलं की मी ओट्याला धरून खाली बसले. व्हिडिओत चित्र हलतं ना, ते माझ्या हसण्याने हलतं.

मग मी तो सावद्याला मोहिनीला पाठवला. मोहिनी म्हणजे माझी आतेबहीण, माझ्या लग्नात तुला भेटली होती. लिहिलं, बघ, पोट दुखेल. तिने तो तिच्या भिशीतल्या बायकांना पाठवला. तिथून पुढे तो कुठून कुठे गेला ते देव जाणे. परत आमच्या जैन संघाच्या ग्रुपवर आला तेव्हा त्यावर कोणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं, बघा, मुसलमान मुलगी आपल्या धर्माची कशी टिंगल करते.

कोणालाच लागलं नाही असं मी म्हणणार नाही. रिद्धीची आजेसासू, आमच्या मागच्या गल्लीतली, जिने जन्मभर मुहपत्तीशिवाय माळ ओढली नाही, ती स्थानकात खरंच रडली. तिला ना राजकारण कळत ना मोबाइल. तिचं रडणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिला मी तिथेच सांगायला हवं होतं की आजी, हे माझं काम, मला बोला. मी तिच्या शेजारी बसले आणि पदराने डोळे पुसले. कोरडेच होते.

पोलिसांत जायचं ठरलं तेव्हा अर्हम म्हणाला, "आजी, फिर्याद तुझ्या नावाने. तू वर्षभर उपास धरून वर्षीतप केलेली, तुझ्या नावाला वजन आहे." सगळे माना डोलवायला लागले. माझ्या भावना दुखावल्या का, हे एकानेही विचारलं नाही. त्या दुखावल्या आहेत हे ठरवूनच कागद माझ्यापुढे आला. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. चोराच्या मनात चांदणं, मी मुकाट्याने सही केली.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते लिहिते.

मिसबाहला ठाण्यात आणलं तेव्हा मी तिथे होते. मला पंख्याखाली खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती. फिर्यादीत दोन आरोपी लिहिलेत. एक तुझी मुलगी. दुसरी, 'पाठीमागे हसणारी अनोळखी बाई'. साहेबांनी व्हिडिओ मोठ्या आवाजात लावला आणि तिला विचारलं, ही हसणारी कोण? सगळी खोली माझ्या हसण्याने भरली. मी पदर तोंडावर दाबून धरला. बाकीच्यांना वाटलं, बाईंना किती यातना होतायत. मिसबाहने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली बघून म्हणाली, "शेजारी टीव्ही चालू होता, साहेब."

तिने ती रात्र कोठडीत काढली. मी घरी आले आणि खिचडी खाल्ली.

तुला आठवतं, मागे नशिराबादच्या एका पोराने तुमच्या पैगंबरांबद्दल मोबाइलवर घाण लिहिलं होतं? अय्युबभाई निवेदन घेऊन आमच्या ओसरीवर आले होते. ह्यांनी लगेच सही केली, म्हणाले, कोणाच्याही देवाधर्माला कोणी हसू नये, कायदा त्यासाठीच आहे. मलाही ते पटलं होतं, मी चहा केला होता. त्या पोराचं लिहिणं वाईटच होतं, मुद्दाम जखम करायला लिहिलेलं. तो अजून तारखांना जातो म्हणतात. मिसबाहचं तसं नव्हतं. पण ठाण्यातल्या कागदावर दोन्ही सारखंच दिसतं गं. कोण डिवचायला बोललं आणि कोण माणसाला ओळखून, त्याच्यावर जीव लावून हसलं, ते तिथे कोण बघणार? अय्युबभाईंना तेव्हा बरोबर वाटलं, अर्हमला आता वाटतं. मला काय वाटतं ते मी कोणाला सांगितलं नाही, आणि आता सांगून ऐकणार कोण. रिद्धीच्या आजेसासूचं रडणं कुठल्या कलमाने थांबलं असतं, मला माहीत नाही. मी तिचे पाय धरले असते तर कदाचित थांबलं असतं.

दिवाळीच्या फराळाच्या वेळी हे एकदम म्हणाले, "त्या व्हिडिओत मागे आपला माठ दिसतो." माझ्या हातातला चकलीचा घास तसाच राहिला. मी विचारलं, कधी ओळखलं? म्हणाले, पहिल्याच दिवशी. हसणंही ओळखलं, संसार केलाय तुझ्याबरोबर. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून पुन्हा शेव खायला लागले. म्हणजे दोघं नवरा-बायको तोंडात मिठाची गुळणी धरून एकमेकांसमोर बसलो होतो, आणि तुम्ही घराला कुलूप लावून निघून गेलात.

मोहिनीकडून परवा कळलं की मिसबाहची नेमणूक अडली. चारित्र्याचा दाखला मिळत नाही, गुन्हा नोंद आहे म्हणून. त्या पेढ्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे.

काल मी एकटी रिक्षाने ठाण्यात गेले. साहेबांना सगळं सांगितलं, मुहपत्ती, फोन, मोहिनी. म्हटलं, ती अनोळखी बाई मी आहे, माझं नाव लिहा. ते हसले. म्हणाले, "आजी, तुमचं नाव आरोपीत कसं घालू? तुमच्याच तर भावना दुखावल्यात." मी म्हटलं, नाही दुखावल्या हो. तर म्हणाले, "सहीने दुखावल्यात." फिर्याद आता परत घेता येत नाही, केस सरकारची झाली. दारातली शिपाईबाई तुमच्या धुळ्याकडची असावी. माझा हात धरून पायऱ्या उतरवताना म्हणाली, "घर जा आजी, आते रडीसन काय फायदा शे?"

मी वकिलाकडे गेले. तो म्हणाला, मिसबाहच्या बाजूने हायकोर्टाच्या खंडपीठात अर्ज करता येईल, आणि फिर्यादी बाईनेच खरं काय ते प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर केस रद्द व्हायला फार जोर येईल. म्हणजे ते माझ्या सहीशिवाय होत नाही. मी घरी सांगितलं. अर्हम म्हणाला, संघात आम्ही तोंड दाखवायचं कसं, आजी? मी म्हटलं, तू माझं दाखव. तो माझ्याशी बोलत नाही. हे बोलतात, पण दुसऱ्या कोणाकडे तरी बघून. म्हणाले, धुळ्याला गेलीस तर परत यायची घाई करू नकोस.

मी सोमवारी सकाळच्या बसने येते. तुमच्या वकिलाला कागद तयार ठेवायला सांग. मला घरात घे असं मी म्हणत नाही, पाणीही विचारू नकोस. दार उघडलं नाहीस तर मी पायरीवर बसेन, कागद खिडकीतून दे. त्यावर पहिलंच वाक्य घालायला सांग की मुहपत्ती मी बांधली आणि पोर नको म्हणत होती. ते वाक्य वकिलाला वगळू देऊ नकोस.

मिसबाहला एवढंच सांग, की शेजारी टीव्ही चालू नव्हता, हे आता साहेबांनाही माहीत आहे.

फिर्यादी, आणि आरोपी क्रमांक दोन,
लाडकुंवर दलिचंद