सासूबाईंची जिवंतपणीची पोमाना

९ ऑक्टोबर, गुरुवार

सासूबाईंना स्वतःची पोमाना घालायची आहे. जिवंतपणी! मेलेल्याच्या नावानं गाव जेवू घालायचं, त्याच्या वस्तू वाटायच्या — हे काम त्या दुसऱ्या कुणावर सोपवायला तयार नाहीत. "माझ्या माघारी जेवण अळणी झालं तर मी सांगणार कुणाला?"

बरोबर आहे. ते अळणी मीच करणार होते.

अजून त्यांना सासूबाईच म्हणते. लिवियू इटलीत दुसरीबरोबर राहतो, आमचा घटस्फोटही झाला. घर त्याच्या आईचं, आणि त्यात मी उरलेय. कोण म्हणून? विचारायचं धाडस होत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासना संपल्यावर सासूबाईंनी फादर नेक्तारिएंना गाठलं. इथं पलंग दिला की मेल्यावर तिकडे पलंग मिळतो, हे पक्कं ना?

"देवाचं काही फर्निचरचं दुकान नाही, सेवास्तित्साबाई. देताना मन मोकळं होतं, तेवढं पुष्कळ."

"मन झालंच आहे मोकळं. आता पलंगाचं बोला!"

१५ ऑक्टोबर, बुधवार

बटाटे सोलता सोलता वाटणी चालू आहे. पलंग कुंभाराच्या बाळंतीण सुनेला. तांब्याचं पातेलं चर्चला. आणि लाल गालिचा — त्यांनी स्वतः विणलेला, माझा ज्यावर कधीपासून डोळा आहे तो — फिरुत्साला! जिनं आपलं कुंपण आमच्या अंगणात सरकवलं, त्या शेजारणीला!

"तिला?" मी म्हटलं.

"तिच्या पायांना गारठा सोसत नाही."

"आणि कुंपण?"

"ते तिनं घेतलंय. गालिचा घ्यायचा राहिलाय."

अख्ख्या गावाची नावं येऊन गेली. माझं आलं नाही. मी बटाट्याच्या साली फारच जाड काढतेय, असं मात्र ऐकून घेतलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मला गालिचा नकोच आहे. — खोटं.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' म्हणताना आज अडखळले. भाकर होती. कालही होती, चीज लावून. मग मी मागत काय होते? गालिचा नव्हे. सासूबाईंच्या तोंडून माझं नाव! हे मागणं हावरटपणाचं का? की हावरटपणाला मी सभ्य कपडे चढवतेय?

फादरना विचारलं. म्हणाले, "मागा की! पण मिळेपर्यंत रुसून बसू नका. समोरचं ताट गार होतं."

समोरचं ताट म्हणजे काय काय, ते घरी येताना मोजायला लागले आणि फाटकाशी आले तरी संपेना. मी शाळेत शिकवते त्या मुली. अंगणातलं अक्रोडाचं झाड. सासूबाईंची बडबड. मग गालिचा बाहेर काढून झोडपला. त्याची एक कड उसवली होती, ती शिवून टाकली. फिरुत्साच्या पायांसाठी! शिवताना गुणगुणत होते. पोट भरल्यासारखं वाटलं, खरंच.

उद्या पुन्हा रुसेन कदाचित. पण आज नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

झाली पोमाना! अंगणात लांब टेबल. एका बाजूला सासूबाई, समोर घेणारे रांगेत. फादरनी धूप फिरवला, प्रार्थना म्हटली. सगळं मांडून झाल्यावर मी निमूट जाऊन रांगेच्या टोकाला उभी राहिले. पाव, मेणबत्ती, चहाचा मग एवढं तर प्रत्येकालाच मिळतं. मन शांत होतं. अगदी खरं सांगते.

"लुमिनित्सा! तिकडे कशाला तडमडलीस?" अंगण दणाणलं. "घरच्यांनी या बाजूला उभं राहायचं! देणारे आपण! का मी एकटीनं पलंग उचलू?"

"जा गं बाई," फिरुत्सा म्हणाली, "तेवढाच आमचा नंबर लवकर लागेल."

गेले. गालिचा मीच फिरुत्साच्या हातात दिला. तिनं तो छातीशी धरला, डोळे पुसले, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सेवास्तित्सा, ते कुंपणाचं..."

"आज नको," सासूबाई म्हणाल्या. "आज मी मेलेली आहे."

जेवण अळणी नव्हतं. खारट होतं. मेलेल्या बाईंनी तेही सांगितलं, दोनदा.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शाळेतून येताना पोस्टात गेले होते. सासूबाईंनी पार्सल भरून दिलं होतं — एक पाव, एक मेणबत्ती, एक मग. लिवियूच्या नावानं. रांगेतल्या प्रत्येकाला दिलं तेवढंच.

बंद करण्याआधी मी त्यात माझ्या हातचा आलुबुखाराचा मुरंबा घातला. कुणी सांगितलं नव्हतं. मोठी बरणी, दोघांना पुरेल अशी.